पोरकी भावंडे आणि सांगणारा आवाज

आईबाप गेलेल्या मुलांवर संकटांमागून संकटे येतात, त्यांच्या वाईटावर टपलेला एक माणूस दर वळणावर आडवा येतो, मुले दरवेळी आपल्या अकलेने आणि एकमेकांच्या आधाराने निभावून नेतात, आणि ऐकणारी मुले घाबरता घाबरता हसू लागतात. या घाटाच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात. मराठीत त्यांतली सर्वांत जास्त ऐकली गेलेली गोष्ट आळंदीच्या चार भावंडांची. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांचे चरित्र पुस्तकातून वाचणाऱ्यांपेक्षा कीर्तनातून ऐकणारे नेहमीच जास्त होते, आजही आहेत. संतचरित्र म्हणून तिला मोठा मान मिळाला. त्या मानाखाली तिच्यातले साहस, तिच्यातली भीती आणि तिच्यातला विनोद मात्र झाकून गेला. मुलांनी कानांनी ऐकायची साहसकथा म्हणून तिच्याकडे पाहिले, तर ती किती कसबाने रचलेली आहे हे ध्यानात येते.

गोष्टीची मुळे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेला कन्नड, घाटमाथ्यावरचे, खाली चाळीसगावकडे उतरणारे; दक्षिणेला गोदाकाठचे पैठण. भावंडांचे वडील विठ्ठलपंत कुलकर्णी पैठणजवळच्या आपेगावचे. लग्नानंतर ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. मागे बायको आहे हे गुरूंना कळले तेव्हा त्यांनी परत पाठवले. संन्याशाने पुन्हा संसार मांडला म्हणून आळंदीने त्यांना वाळीत टाकले. त्या वाळीत चार मुले झाली. परंपरेने सांगितलेली त्यांची जन्मवर्षे १२७३, १२७५, १२७७ आणि १२७९. काही अभ्यासक ती थोडी मागे नेतात. मुंजीची वेळ आली तेव्हा शास्त्रीमंडळींनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मुलांना समाजात घेतील या आशेवर आईबापांनी नदीत देह टाकला. कोणी म्हणतात इंद्रायणीत, कोणी म्हणतात प्रयागच्या संगमावर.

आणि तरीही मुलांना कोणी आत घेतले नाही. मोठ्या माणसांनी नियम सांगितला, आईबापांनी तो जीव देऊन पाळला, आणि मग मोठी माणसे म्हणाली की मुलांसाठी आणखी एक कागद लागेल: पैठणच्या ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र. पोरक्यांच्या साहसकथेत भीतीचा खरा उगम राक्षसात क्वचितच असतो. तो असतो कागदावर बोट ठेवणाऱ्या भल्या माणसांत. हे ज्याला उमगले त्याची गोष्ट मुलांना पटते, कारण मोठ्यांचे नियम किती विचित्र असतात याचा अनुभव प्रत्येक मुलाला रोज येत असतो.

साहसाला सुरुवात आईबाप जिवंत असतानाच झाली होती. सगळे कुटुंब त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला. पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. जीव वाचवायला तो एका गुहेत शिरला, तर आत गहिनीनाथ बसलेले. वाघाच्या भीतीने पळालेला मुलगा काही दिवसांनी गुरूचा उपदेश घेऊन बाहेर आला. कन्नडच्या मुलांना हा प्रसंग सांगताना वाघ कसा असतो हे फार समजावावे लागत नाही. तालुक्याला लागून गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. तिथे बिबट्याचा वावर नेहमीचा. आणि २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला पट्टेदार वाघही तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला.

आळंदीहून पैठण सुमारे २०० किलोमीटर. चार पोरकी मुले एवढे अंतर पायी गेली, तेही सर्टिफिकेट आणायला. पैठणचा प्रसंग महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, पण त्याची रचना नीट पाहिली पाहिजे. विद्वान मुलाला त्याचे नाव विचारतात. तो ‘ज्ञानदेव’ सांगतो. तेवढ्यात पखाल वाहणारा एक रेडा समोरून चाललेला असतो. कोणीतरी म्हणतो, नावात काय आहे, त्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे. हा पहिला हशा. मुलगा शांतपणे म्हणतो की त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला जातो आणि वळ मुलाच्या पाठीवर उमटतात. हसू जागच्या जागी थिजते. त्यानंतर ज्ञानदेव रेड्याच्या मस्तकावर हात ठेवतो आणि रेडा वेद म्हणू लागतो. हशा, धक्का आणि पुन्हा हशा, पण या वेळचा हशा विद्वानांवर. एवढ्याशा जागेत भाव तीनदा पालटणारा प्रसंग बालसाहित्यात शोधून सापडणार नाही. परतीच्या वाटेवर तो रेडा भावंडांबरोबर चालत होता असे सांगतात. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्याची समाधी दाखवतात आणि तिथे जत्राही भरते. गोष्टीतल्या मुक्या सोबत्याला एवढा मान देणारी परंपरा आहे ही.

प्रत्येक पोरक्याच्या गोष्टीला एक खलनायक लागतो. इथे तो विसोबा चाटी. आळंदीतला सावकार, या मुलांना पाण्यात पाहणारा. थोरल्या भावाला मांडे खावेसे वाटतात आणि मुक्ताई ते करायला निघते. मांडे कसे करतात हे माहीत असल्याशिवाय पुढची गंमत पुरती कळत नाही, आणि कन्नडच्या घाटाखाली खानदेशात ते आजही केले जातात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर ते हवेतच. चुलीवर मातीचे खापर पालथे घालतात आणि त्याखाली जाळ सारखा ठेवतात. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर थोडा लाटून झाला की बाई तो दोन्ही हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर खेळवत मोठा करत नेते. तो कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ होतो की आतले पुरण दिसते, आणि मग एका झटक्यात खापरावर पडतो. खापर नसेल तर मांडा नाही. तव्यावर हे जमत नाही.

विसोबाने नेमके तेच हेरले. गावातल्या एकाही कुंभाराने या पोरीला खापर द्यायचे नाही, अशी त्याने ताकीद दिली. दुष्टपणा केवढा आणि कशासाठी, तर एका खापरासाठी! मुलांना हा खलनायक पटकन कळतो, कारण तो राज्य मागत नाही, जीव मागत नाही, लहान मुलीचा स्वयंपाक अडवतो. मुक्ताई रडत घरी येते. ज्ञानदेव ओणवा होतो, जठराग्नी चेतवून पाठ तापवतो आणि म्हणतो, भाज माझ्या पाठीवर. ती भाजते. लपून पाहणारा विसोबा हे बघतो, धावत येतो आणि त्यांच्या पानातले उष्टे खाण्यासाठी हात पुढे करतो. तिथून तो त्यांचाच होतो. परंपरा पुढे सांगते की नामदेवांचा गुरू झालेला विसोबा खेचर तो हाच, आणि नामदेवांना तो औंढ्या नागनाथाच्या देवळात शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेला सापडला. खलनायकाला मारून टाकण्याऐवजी जेवायला बसवणारा हा शेवट मराठी मनाला जवळचा वाटतो, आणि मुलांना तो फार आवडतो.

चांगदेवाचा प्रसंग आणखी मोकळा. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन मुलांना भेटायला निघतो. मुले त्या वेळी एका भिंतीवर बसलेली असतात. पाहुणा वाहनावरून येतोय, मग आपणही वाहनावरूनच सामोरे जायला हवे, म्हणून ती भिंतच चालवतात. ती भिंत आळंदीत आजही दाखवली जाते. त्याआधी चांगदेवाने पत्र पाठवले होते, पण वडील म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानी म्हणून नमस्कार, हे न ठरल्याने कागद कोराच राहिला. सर्वांत धाकटी, जेमतेम काही वर्षांची मुक्ताई तो कागद पाहून म्हणते की चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. चारांत जी सर्वांत लहान तिच्याच तोंडी सर्वांत धारदार वाक्य द्यायचे, ही युक्ती गोष्ट सांगणाऱ्यांना फार जुन्या काळापासून साधली आहे. ज्ञानदेव रागावून ताटी लावून बसले तेव्हा त्यांना समजावणारी तीच.

या गोष्टीचा शेवट गोड नाही. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा ते विशीच्या उंबरठ्याशीच होते. त्यानंतर सोपानाने सासवडला. मुक्ताई तापीकाठी, वीज कडाडून गेली तेव्हा दिसेनाशी झाली. निवृत्तीने त्र्यंबकेश्वरी. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आठ महिन्यांत चारही भावंडे गेली. पोरक्या मुलांच्या साहसकथेला जगात कुठेही एवढा कडू शेवट क्वचितच मिळतो, आणि मराठी मुले तो शेकडो वर्षे ऐकत आली. त्यांच्यापासून तो लपवावा असे कोणाला वाटले नाही. ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला पेलते. अडचण शेवटाची नसते, तो कोण आणि कसा सांगतो याची असते.

आज ओळखीचा असलेला हा कथापट एका दिवसात जुळलेला नाही. नामदेवांच्या नावावर असलेली ‘आदी’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही अभंगांची प्रकरणे हा त्याचा जुना पाया. त्यांतले अभंग नेमके कोणाचे याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे राहुरीजवळच्या ताहाराबादचे महिपती यांनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ओवीबद्ध ग्रंथांत तो रंगवला. महिपतींची ओवी मुळातच मोठ्याने वाचायची. गावोगावच्या देवळांत आणि ओसरीवर या ग्रंथांची पारायणे होत राहिली आणि अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांनी ती चरित्रे तोंडपाठ केली. इतिहास म्हणून यातले काय खरे धरायचे हा वेगळा प्रश्न. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशात पूर्ण झाली एवढे तिच्यातच नोंदले आहे. रेडा, भिंत आणि तापलेली पाठ या लोकांनी जपलेल्या गोष्टी आहेत, आणि जपताना त्यांनी त्यांत कसब ओतले आहे.

त्या कसबाची खरी जागा कीर्तन. कन्नड तालुक्यात, तसेच मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत, वर्षातून एकदा तरी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन. मांडवात कीर्तनकार मधोमध उभा. गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी मागे, एका बाजूला मृदंग, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. अगदी पुढे, सतरंजीवर, गावातली मुले. कर्णा देवळाच्या शिखराला किंवा निंबाच्या झाडाला बांधलेला, त्यामुळे मांडवात न आलेली माणसेही अंथरुणात पडल्या पडल्या ऐकतात. आवाजावरच सगळे चालते. अर्ध्या गावाला कीर्तनकार दिसतच नाही.

कीर्तनकार एकटाच सगळी पात्रे करतो. विसोबा बोलला की आवाज घशात दाबलेला आणि शब्द तोडून तोडून. कुंभार बोलला की गावरान, दबकत, ‘मला काय माहीत नाय बाई’ या सुरात. मुक्ताईसाठी आवाज उंच जात नाही, फक्त सावकाश होतो. चांगल्या कीर्तनकाराला ठाऊक असते की पुरुषाने बाईचा आवाज काढला की लोक हसतात आणि मग रडायच्या जागी कोणी रडत नाही. आसुडाच्या क्षणी मृदंगावर एकच थाप पडते. त्यानंतर शांतता ठेवायची, आणि ती किती ताणायची हे समोरच्या मुलांचे डोळे बघून ठरवायचे. भीती फार झाली असे दिसले की तो गोष्टीतून बाहेर पडतो, पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला ‘काय रे, तू दिलं असतंस का खापर?’ असे विचारतो, हशा होतो आणि गोष्ट पुन्हा पुढे सरकते. ही बाहेर-आत करण्याची कला आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत आणि फडांवर शिकली जाते. जोग महाराजांनी ही संस्था १९१७ मध्ये काढली. तिथे मुले लहानपणीच येतात, आणि कथा सांगायला शिकण्याआधी कित्येक वर्षे ती फक्त ऐकतात.

भयाला हसरा चेहरा देण्याची कन्नडची ओढ तर कीर्तनाहून कितीतरी जुनी आहे. तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली. तिथे सापडलेली एक यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हात वर करून डोक्यावर भांडे तोलणारा आणि तोंडभर हसणारा यक्ष. त्याच्या हातावर कोरलेल्या लेखात तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. यक्ष म्हणजे भिण्याची गोष्ट, पण हा बघून लहान मूल आधी हसेल. मुलांच्या साहसकथेतला उत्तम खलनायक याच जातीचा असतो.

यंत्रे आली तेव्हा ही गोष्ट त्यांतही शिरली. प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० मध्ये आला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मोठ्या ज्ञानदेवांची भूमिका शाहू मोडक यांनी केली. ते अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातले. पडद्यावर भिंत चालली आणि कीर्तनात कानांनी पाहिलेले आता डोळ्यांना दिसले. रेडिओने उलट दिशेने काम केले, त्याने गोष्ट पुन्हा कानांकडे नेली. निजामाच्या राज्यात डेक्कन रेडिओचे एक केंद्र औरंगाबादला होते आणि १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादच्या केंद्राबरोबर ते आकाशवाणीकडे आले. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि तिथल्या ‘बालोद्यान’मध्ये गोपीनाथ तळवलकरांनी ‘नाना’ होऊन मुलांशी गप्पा मारल्या. ‘आनंद’ मासिकाचे हे संपादक लिहिण्याइतकेच सांगण्यात रमणारे होते. मग कॅसेट आली. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ आणि कीर्तने टेपरेकॉर्डरवर घरोघर वाजली, आणि शेतातल्या मोटारीच्या खोलीत बसून कीर्तन ऐकणारा श्रोता तयार झाला. आज तो श्रोता मोबाईलवर तेच ऐकतो.

संतांच्या बाहेरही पोरक्यांच्या कथा मराठी मुलखात सांगितल्या जात होत्या. त्यांतला एक मोठा साठा एका आयेमुळे टिकला. अ‍ॅना लिबेराटा डिसोझा ही गोव्याच्या ख्रिस्ती घरातली बाई मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या घरी कामाला होती. आजीकडून ऐकलेल्या कथा तिने दख्खनच्या दौऱ्यात गव्हर्नरांची मुलगी मेरी फ्रियर हिला सांगितल्या. मेरीने १८६८ मध्ये त्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने लंडनला छापल्या. त्यांतल्या एका कथेत आई गेलेल्या सात राजकन्या आणि सावत्र आई आहे, रानात सोडून देणे आहे, आणि पुढे पंचकिन नावाचा जादूगार आहे ज्याचा जीव दूर रानातल्या एका पिंजऱ्यातल्या पोपटात आहे. सुर्याबाईच्या कथेत गवळणीच्या तान्ह्या मुलीला गरुडांची जोडी उचलून नेते आणि झाडाच्या शेंड्यावर सात दारांच्या घरात वाढवते. पोपटात जीव असलेला दुष्ट महाराष्ट्रातल्या आज्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितला. छापील पुस्तकापर्यंत पोचलेल्या या कथांमागे एका बाईचा आवाज आहे, आणि त्याच पुस्तकात तिची स्वतःची कहाणीही छापली गेली हे मेरी फ्रियरचे मोठेपण म्हटले पाहिजे.

लिखित मराठी बालसाहित्यात पोरक्याला हक्काची जागा मिळाली ती ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’मुळे. परक्या घरात आश्रयाला आलेला हा अनाथ मुलगा कोणाच्या कीवेवर जगत नाही. तो खोड्या काढतो, मदतीला धावतो, घर आपलेसे करतो. १९९० च्या सुमारास दूरदर्शनवर आलेल्या मालिकेने तो नव्या पिढीच्या ओळखीचा झाला. समाजसुधारणेच्या काळातल्या मराठी लेखनात अनाथ म्हणजे बहुधा दयेचा विषय. त्याला कपडे द्यायचे, त्याच्यासाठी डोळे पुसायचे. साहसकथा त्या मुलाला कर्ता करते. मुक्ताईवर कोणी दया दाखवलेली परंपरेला आठवत नाही, तिने काय केले आणि काय ऐकवले तेवढेच आठवते. पोरक्या मुलासाठी आणि पोरके नसलेल्या श्रोत्यासाठीही हा फरक फार मोलाचा आहे.

भयंकर आणि विनोदी यांची सांगड रंगभूमीने सर्वांत धीटपणे घातली. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ केले आणि त्यातली चेटकीण स्वतः रंगवली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, आणि २०१८ च्या नव्या प्रयोगात वैभव मांगले यांनी. चिंची आली की नाट्यगृहातली पोरे किंचाळतात, तिला उलट उत्तरे देतात, आणि पडदा पडल्यावर तिलाच भेटायला धावतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे साहसाचा बादशहा खरा, पण त्याच्या जगात घर पाठीशी असते; पोरकेपणाची थंडी तिथे नाही.

ती थंडी आणि विनोद एकत्र आणणारे आजच्या काळातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. डॅनियल हँडलर यांनी लेमनी स्निकेट या नावाने १९९९ ते २००६ या काळात बॉडलेअर भावंडांची तेरा पुस्तके लिहिली. आगीत आईबाप गेलेली व्हायोलेट, क्लाउस आणि तान्ही सनी, आणि त्यांच्या वारशावर डोळा ठेवून वेषांतरे करत पाठलाग करणारा काउंट ओलाफ. मुलांची व्यवस्था पाहणारा बँकवाला सज्जन आहे, कागद नीट ठेवतो, आणि प्रत्येक वेळी त्यांना नव्या संकटात नेऊन सोडतो. पैठणच्या विद्वानांशी त्याचे नाते सहज जुळेल. निवेदक वाचकाला सारखा बजावत राहतो की पुस्तक मिटा, यापुढे फार वाईट आहे. सनीला नीट बोलता येत नाही, तिच्या एकेका बोबड्या अक्षराचा अर्थ निवेदक सांगतो, आणि तो अर्थ बहुधा सगळ्यांत शहाणा असतो.

या मालिकेची बोलकी पुस्तके तिच्या यशाचा मोठा भाग आहेत. तेरापैकी दहा ब्रिटिश नट टिम करी यांनी वाचली आणि तिसरे, चौथे, पाचवे खुद्द हँडलरांनी. करींचा आवाज खर्जातला, रेशमी, थोडा नाटकी. ओलाफ त्यांच्या तोंडी घरघरतो, बँकवाला दर वाक्याला खोकतो, आणि निवेदक मात्र अखंड दुःखी आणि सभ्य राहतो. हसू येते ते निवेदकाच्या या सभ्यपणामुळे. भयंकर गोष्ट घडत असताना तो एखाद्या शब्दाचा अर्थ समजावत थांबतो आणि ऐकणाऱ्या मुलाला श्वास घ्यायला तेवढा वेळ मिळतो. पुढच्या रांगेतल्या पोराला खापराबद्दल विचारणारा कीर्तनकार हेच करतो. प्रत्येक पुस्तकाबरोबर स्टीफन मेरिट यांच्या गॉथिक आर्चीज या बँडचे एकेक उदास, गमतीदार गाणेही आहे. गोष्टीच्या कडेला गाणे ठेवायची ही सोय कीर्तनात अभंगाने आणि पदाने केव्हाच केलेली आहे.

मराठीत बोलकी पुस्तके धंदा म्हणून अलीकडे रुजली. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तीन भाषा घेऊन. मराठी वाचक कानांनीही वाचतो यावर तिने पैसे लावले आणि गाजलेल्या कादंबऱ्या, रहस्यकथा, चरित्रे स्टुडिओत वाचली जाऊ लागली. मुलांसाठी मात्र पुष्कळदा छापील मजकूरच एका सुरात, गोड आवाजात वाचला जातो. खलनायकाचा आवाज घाबरवत नाही, कारण मूल घाबरेल अशी निर्मात्याला धास्ती. ही धास्ती चुकीची आहे. सप्ताहातल्या मांडवात बसलेले सहा वर्षांचे पोर आसुडाचा प्रसंग ऐकून घरी जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पुढच्या रांगेत येऊन बसते.

चार भावंडांची गोष्ट मुलांसाठी बोलक्या पुस्तकाच्या रूपात करायची, तर ती कशी करावी याचे बहुतेक धडे मांडवातच मिळतात. निवेदक एकच हवा. पात्रागणिक नट घेतले की ते नभोनाट्य होते आणि सांगणाऱ्याशी जुळणारे नाते तुटते. वाघ, रेडा, मांडे, भिंत हे प्रसंग वेगवेगळ्या रात्रींचे आहेत, त्यांचे भागही वेगळे असावेत, आणि प्रत्येक भाग मुलाला झोप लागायच्या आत संपावा. मृदंग सारखा वाजू नये, थापेची वाट पाहायला लावावी. चमत्कार सांगताना सांगणाऱ्याने डोळे मिचकावू नयेत आणि भक्तीचा गळाही काढू नये. रेडा बोलला हे तितक्याच सरळपणे सांगावे जितक्या सरळपणे तो पाणी वाहत होता हे सांगितले. समाधीचा भाग वगळू नये, पण तो सर्वांत लहान ठेवावा.

बोलीचा प्रश्न राहतो. पुस्तकी मराठीत सगळी पात्रे सारखीच बोलू लागतात आणि गोष्टीतली माणसे गावाची राहत नाहीत. कन्नडची मुले शाळेत एक मराठी वाचतात आणि अंगणात दुसरी बोलतात. घाटाकडच्या गावांत तीत अहिराणीचे शब्द येतात, तांड्यांवर घरात गोरबोली असते. पैठणच्या बाजारातला पखालवाला गोदाकाठची मराठवाडी बोलेल, आळंदीचा कुंभार मावळाकडची, आणि वाघावर बसून निघालेला चांगदेव तापीकाठचा असल्याने त्याचा शिष्य अहिराणीत ओरडून वाट मोकळी करून घेईल. निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रांची बोली ज्याच्या त्याच्या नदीकाठची ठेवली, तर जिल्ह्याच्या एका टोकाच्या मुलाला दुसऱ्या टोकाचे गाव आवाजावरून ओळखता येईल, आणि आपल्या टोकाची बोली कानावर पडताच तो पुढे सरकून ऐकेल.